लग्नाच्या वाढदिवसाची तांबडी वाईन : निवड कशी करावी?



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय पाहून काही मंडळींना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत यांवर बोलायचे असेल तर मला मध्यरात्री उठवले तरी चालेल. पण तांबडी वाईन कशी निवडावी हा काही फाटकसभेचा विषय नव्हे. शिवाय माझे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि विरार लोकलमध्ये उभ्याने झाले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेतील एक जुना सोबती आगाशीच्या बाजूला राहतो. ख्रिस्ती कुटुंब, घरची थोडी वाडी, आणि तो स्वतः एका कारखान्यात फिटर. लग्नाच्या चोविसाव्या वाढदिवशी मुलांनी आईवडिलांना हौसेने मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेले. वेटरने चामडी पुठ्ठ्यातली वाईनची यादी समोर ठेवली. त्यातली नावे धड वाचता येईनात, आणि विचारावे तर आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडेल ही भीती. म्हणून याने किमतीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि झेपेल तेवढी महाग बाटली मागवली. पुढ्यात आले तिखटजाळ मटण. दुसऱ्याच घोटाला वहिनींच्या जिभेची आग झाली, तोंड कोरडे पडले, आणि त्यांनी पेला बाजूला सारला. तो पेला शेवटपर्यंत तसाच राहिला. एका बाटलीपायी याची चार दिवसांची मजुरी गेली. नंतर तो मला म्हणाला, "भाऊ, मॅनेजरसमोर मी कधी मान खाली घातली नाही. त्या यादीसमोर घातली."

हे वाक्य माझ्या मनाला लागले. पंचविसावा वाढदिवस घरीच करायचा आणि बाटली नीट पारखून आणायची, असे त्याने ठरवले आणि ते काम माझ्या गळ्यात टाकले. त्या निमित्ताने मी जे वाचले, विचारले आणि चाखले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो. सगळ्याचे सार आधीच सांगून टाकतो : बाटली पानातल्या पदार्थासाठी निवडायची असते; किमतीसाठी नव्हे, आणि पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी तर नव्हेच नव्हे.

प्रथम शब्दाचा घोळ काढू. आपल्याकडे ज्या दुकानावर 'वाईन शॉप' अशी पाटी असते, तिथे व्हिस्की, रम आणि बिअरच अधिक खपते. म्हणून पुष्कळांना वाईन म्हणजे कोणतीही बाटलीतली दारू असे वाटते. वस्तुतः वाईन म्हणजे द्राक्षांचा रस आंबवून केलेले पेय. आपल्या आयुर्वेदातले द्राक्षासव याच कुळातले. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातली साखर खातात आणि तिचे अल्कोहोल करतात. साखर बहुतेक सगळी संपली म्हणजे ती 'कोरडी' वाईन. काही राखली म्हणजे 'गोड'. वसईच्या घराघरांत नाताळला जी गोड, दाट, तांबडी पोर्ट ठेवतात तीच सर्वांच्या ओळखीची असते. त्यामुळे कोरडी वाईन पहिल्यांदा चाखणारा माणूस हमखास म्हणतो, "ही आंबलेली दिसते!" ती आंबलेली नसते, तिच्यात साखर नसते एवढेच.

आता ती तांबडी कशी होते? बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. साली काढून टाकून नुसता रस आंबवला तर काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाईन होते. तांबडी करायची तर रस सालीबियांसकट आंबवावा लागतो. त्यात रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात.

हे टॅनिन मला पुस्तकाने नव्हे, एका कामगाराने समजावले. नाशिककडे कामगारांच्या एका प्रश्नासाठी गेलो असता तिथल्या वाईनच्या कारखान्यातील तळघरात काम करणारा एक गृहस्थ भेटला. मी त्याला टॅनिन म्हणजे काय ते विचारले. त्याने बिनदुधाचा कडक चहा मागवला आणि म्हणाला, "घोट घ्या आणि जीभ टाळूला लावून बघा." जीभ टाळूवरून सरकेना. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर होते तसे. "हेच टॅनिन. आता यात दूध घाला." दूध घातले, आणि तुरटपणा गेला. कारण टॅनिन प्रथिनांना चिकटते. तोंडात दुसरे काही नसले की ते लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंड कोरडे पडते. दूध किंवा मांस असले तर ते तिकडे गुंतते आणि जीभ सुटते. तुरट तांबडी वाईन भाजलेल्या मटणाबरोबर चांगली का लागते, याचे निम्मे उत्तर त्या चहाच्या कपात आहे.

तेव्हा कोणतीही तांबडी वाईन चार गोष्टींनी पारखावी : तुरटपणा, आंबटपणा, गोडवा आणि जोर. जोर म्हणजे तिच्यातले अल्कोहोल. ते बाटलीवर टक्क्यांत छापलेले असते. कोरड्या तांबड्या वाईनमध्ये ते साधारण १२ ते १४.५ टक्के असते. पानातला पदार्थही चार गोष्टींनी पारखावा : तिखट किती, आंबट किती, तूपतेल व चरबी किती, आणि गोड किती. मग या दोघांचे जुळते की नाही ते पाहावे. लग्न जुळवण्यापेक्षा हे काम सोपे आहे, कारण येथे नियम थोडे आहेत आणि ते पाळले जातात.

पहिला नियम : तिखट आणि तुरट यांचे वैर असते. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि टॅनिनने जिभेला टोचते. हॉटेलात वहिनींना झाले ते हेच. वाईन वाईट नव्हती, मटणही वाईट नव्हते. जोडी चुकली होती. तिखट पदार्थाबरोबर कमी तुरट, फळांच्या चवीची, शक्यतो १३ टक्क्यांच्या आतली वाईन घ्यावी.

दुसरा नियम : पदार्थ आंबट असेल तर वाईनही तेवढी आंबट हवी. पानात शिरका, चिंच किंवा कोकम आणि पेल्यात मऊ, बिनआंबट वाईन, अशी गाठ पडली तर वाईन पाण्यासारखी सपक लागते.

तिसरा नियम : चरबी आणि मीठ यांनी तुरटपणा निवतो. म्हणून तुरट, भारदस्त वाईन भाजलेल्या, कमी मसाल्याच्या मटणाबरोबर द्यावी.

चौथा नियम : पदार्थ वाईनपेक्षा गोड असू नये. केक कापताना कोरडी तांबडी वाईन दिली तर ती आंबटढाण लागते. केकबरोबर आपली ती जुनी गोड पोर्टच बरी.

आणि माशाचे काय? अर्नाळ्याच्या शेजारी राहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. तांबड्या वाईनमध्ये लोहाचा अंश असतो, आणि त्यामुळे माशाचा उग्र वास वाढतो, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. म्हणून बोंबील आणि पापलेट यांना तांबड्या वाईनपासून लांब ठेवावे. निरामिष मंडळींनीही निराश होण्याचे कारण नाही. भरली वांगी, वांग्याचे भरीत, आळिंबी, मसूर या पदार्थांना अंगचा भारदस्तपणा आहे. मसाला बेताचा ठेवला तर मध्यम तुरट वाईन त्यांच्याशी उत्तम जुळते.

आता आमच्या सोबत्याच्या घरी जाऊ. बेत ठरला होता : डुकराच्या मांसाचा इंद्याल, फुगे, भात, आणि आगाशीचे भुजिंग. हा इंद्याल मोठा गमतीचा पदार्थ आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत पोर्तुगीजांची मांस मुरवण्याची एक रीत येथे रुजली. तिला ते 'विन्या द'आल्युश' म्हणत, म्हणजे वाईन आणि लसूण यांत मुरवणे. गोव्यात त्याचे विंदालू झाले, आणि आमच्या बाजूचा इंद्याल त्याचाच भाऊबंद मानतात. वाईनच्या जागी शिरका आला, आणि उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला बाटली मसाला आला. म्हणजे ज्या पदार्थाच्या नावातच वाईन आहे, तो रांधणारी बाई हॉटेलातल्या वाईनच्या यादीसमोर बुजत होती! लाज वाटायची तर ती यादी करणाऱ्याला वाटायला हवी होती.

इंद्याल तिखट, आंबट आणि चरबीचा. नियम लावून पाहा. तिखटासाठी कमी तुरट हवी. शिरक्यासाठी आंबटपणा हवा. चरबी कापायलाही आंबटपणाच उपयोगी. भुजिंग म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे. त्यात धुराचा वास आणि मसाला, तेव्हा त्यालाही फळांच्या चवीची वाईन चालते. कागदावर उत्तर मिळाले. आता बाजारात शोधायचे होते.

त्यासाठी फ्रान्सला जाण्याची गरज नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला शॅतो इंडाजने या धंद्याची महाराष्ट्रात सुरुवात केली. ती कंपनी पुढे बुडाली, पण वाट पडली. १९९९ साली राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभारली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेलीने इटलीची सांजोवेसे ही जात लावली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. दिवसा ऊन, हिवाळ्यात रात्री गार. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडतात. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये एक आणि पावसाळ्याच्या शेवटी दुसरी; मग खुडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर द्राक्षाची जात लिहिलेली असते. तेवढी चार नावे ओळखीची करून घेतली तरी पुरे. कॅबरने सॉव्हिन्यों ही तुरट आणि भारदस्त. शिराझ मसालेदार वासाची, मध्यम ते भारी. मर्लो मऊ. झिनफँडल फळाळ, तुरटपणाने कमी. त्याखेरीज सांजोवेसे ही आंबटपणात पुढे. 'रिझर्व्ह' असे लिहिलेले असेल तर ती वाईन बहुधा ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असते. लाकूडही आपले टॅनिन देते, आणि पिंपे महाग म्हणून वाईनही महाग. परदेशी बाटलीच्या किमतीत तर जकात आणि कर यांचाच वाटा मोठा असतो. म्हणजे महाग बाटलीत आपण पुष्कळदा लाकडाचे आणि जकातीचे पैसे मोजतो. लाकूड वाईट नव्हे. पण इंद्यालाशी त्याचे पटत नाही.

वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी आम्ही तालीम घेतली. मुलाने दोन लहान बाटल्या आणल्या : एक पिंपात मुरवलेली कॅबरने, दुसरी कोवळी, बिनलाकडाची झिनफँडल. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट होती. वहिनींनी वाटीभर इंद्याल केला होता. मी म्हटले, "वहिनी, आधी नुसती वाईन चाखा, मग एक घास, मग पुन्हा वाईन. कुठली कितीची ते विचारू नका." नुसती चाखली तेव्हा त्यांना महागडीच आवडली. घास खाल्ल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "भाऊ, ही घेतली की इंद्याल भांडायला उठतो. ती दुसरी घेतली की गप्प बसतो." एवढ्या एका वाक्यात मी वाचलेली सगळी पुस्तके आली. ज्या बाईने पंचवीस वर्षे शिरका आणि मीठ जिभेवर तोलले, तिच्यापेक्षा मोठा पारखी कुठून आणणार? तिला कोणी विचारले नव्हते, एवढेच. दुकानात जाण्यापूर्वी घरात जी व्यक्ती रांधते तिला विचारा, आणि जमल्यास अशी एक तालीम घ्या.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. तांबडी वाईन घराच्या उष्णतेला प्यावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ते थंड देशांतल्या घराबद्दल आहे. तिला १५ ते १८ अंश योग्य. विरारच्या मे महिन्यात घरात ३३-३४ अंश असतात. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलच नाकात जाते. म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी. फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्याशेजारी बाटली साठवू नये. उष्णतेने ती बिघडते. फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल, हा गैरसमज आहे. दुकानात बाटली उन्हात मांडलेली असेल तर ती घेऊ नये. चिठ्ठीवर खुडणीचे वर्ष असते. आपल्याकडच्या साध्या तांबड्या वाईन बहुतेक दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, त्या जपून ठेवून सोने होत नाही. पेला साधा चालेल, पण काठोकाठ भरू नये; वास घ्यायला जागा राहिली पाहिजे. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पुढे ती रस्श्याला लावावी.

बाटली ७५० मिलिलिटरची असते. तिच्यात १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. हा हिशेब दोन कारणांनी सांगतो. एक, किती आणायची ते कळते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. २०२२ साली सुपरमार्केटांत वाईन विकू देण्याचा निर्णय सरकारने केला आणि मोठा वाद झाला. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे त्या वेळी म्हटले गेले. आकडे मांडून पाहा. १३ टक्क्यांच्या वाईनच्या एका पेल्यात सुमारे १९ मिलिलिटर अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात सुमारे १३. म्हणजे वाईनचा एक पेला हा व्हिस्कीचा दीड छोटा पेग झाला. वाईन ही दारूच आहे. ती हृदयाला चांगली असते हे समाधानही आता सोडून द्यावे. अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. १९८२ च्या गिरणीसंपानंतर कामगारांच्या वस्तीत दारूने काय केले ते मी लहानपणी पाहिले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी कशी फोफावली ते वसईतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आणि २०१५ साली मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असणारी होती. गरिबाने विष प्यावे आणि श्रीमंताने चव घ्यावी, ही वाटणी मला मान्य नाही. ज्याला घ्यायची नाही त्याने घेऊ नये, त्याला कोणी आग्रह करू नये. ज्याला वर्षाच्या एका दिवशी एक पेला घ्यायचा आहे, त्याने तो जाणून, चाखून आणि मान वर ठेवून घ्यावा.

आणखी एक गोष्ट संघटनेचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. चिठ्ठीवर द्राक्षाचे नाव असते, मालकाच्या कंपनीचे असते. वेल छाटणाऱ्याचे नसते. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांतून आदिवासी मजूर हंगामाला खाली द्राक्षबागांत येतात, छाटणी करतात, घड निवडतात. पेल्याला पेला लावताना त्यांचीही आठवण ठेवावी.

वाढदिवसाच्या दिवशी आम्ही मोठी माणसे दहा होतो आणि बाटल्या दोन. दोन्ही मिळून हॉटेलातल्या त्या एका बाटलीच्या निम्म्याही किमतीच्या नव्हत्या. न घेणाऱ्यांसाठी कोकमाचे सरबत त्याच पेल्यांतून दिले होते. जेवणाआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना म्हटली. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात येशूने पाण्याची वाईन केली, त्या कथेची त्यांनी आठवण काढली. मग फुगे आले, इंद्याल आला. सोबत्याने बाटली स्वतः उघडली आणि पाहुण्यांना द्राक्षाचे नाव, गाव आणि ही बाटली का निवडली ते सांगितले. एकदाही अडखळला नाही. मी वहिनींच्या पेल्याकडे लक्ष ठेवून होतो. त्यांनी तो या खेपेस बाजूला सारला नाही. जेवण संपले तेव्हा तो रिकामा होता, आणि दुसरा त्यांनी मागितला नाही.